मांसल फांदीचा वामनवृक्ष

चैत्र-वैशाखांत बालाघाटाच्या डोंगरपठारावरून, येडशीच्या रामलिंगाकडून किंवा तुळजापूरच्या घाटावरून, प्रवास करणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. रानांतील बरींचशीं झाडें पानें टाकून काटक्यांसारखीं उभीं असतात, बांधावरील गवताचा तर मागमूसहि उरत नाहीं. परंतु त्याच बांधावरचा निवडुंग आणि कुंपणाचा शेर मात्र हिरवेगार असतात. त्यांना कोणी पाणी घातलेलें नसतें, कोणी सावली केलेली नसते. पावसाळ्यांत मिळालेलें पाणी त्यांनीं आपल्या खोडांत सांठवून ठेवलेलें असतें आणि उन्हाळाभर तें काटकसरीनें खर्च करून तीं जगतात. अशा वनस्पतींना शास्त्रांत मांसल वनस्पति म्हणतात. त्यांपैकीं कांहींच्या एका तुटक्या फांदीपासून, तबकाएवढ्या उथळ कुंडींत, जुन्या वृक्षाचें हुबेहूब रूप धारण करणारें झाड तयार करतां येतें. तें कसें करावयाचें, आणि धाराशिवसारख्या कोरड्या जिल्ह्यांत तें करणें शहाणपणाचें कां आहे, याचा येथें विचार करावयाचा आहे.

धाराशिव जिल्हा, ज्याचें उस्मानाबाद हें नांव 2023 सालीं अधिकृतपणें बदललें, आठ तालुक्यांचा आहे. पाऊस येथें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच काय तो पडावयाचा, आणि तोहि भरंवशाचा नाहीं. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात. 1982 सालापर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरच्या शहराला 2016 च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या मुलखांत पिण्याच्या पाण्यासाठीं घागरींच्या रांगा लागतात, तेथें शोभेच्या झाडाचें कौतुक करावें काय, असा प्रश्न एखाद्या गृहिणीनें विचारला तर तो गैर म्हणतां येणार नाहीं. त्याचें उत्तर पाण्याच्या हिशेबानेंच द्यावयास हवें, आणि तो हिशेब पुढें येईलच.

प्रथम ‘बोन्साय’ म्हणजे काय हें पाहूं. हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ तबकांतील लावणी एवढाच आहे. ही कला मूळची चीनमधील, जपाननें ती उचलली आणि आपल्या पद्धतीनें घडविली. बोन्साय ही झाडाची निराळी जात नव्हे. वडाचें, चिंचेचें, देवदाराचें साधें रोपच छाटून, वळवून, मुळें मर्यादेंत ठेवून लहान राखलेलें असतें. तें उपाशी ठेवलेलें झाड असतें हा समज चुकीचा आहे. उपाशी झाड सुकतें, तें म्हातारपण मिरवीत पन्नास वर्षें जगत नाहीं. मात्र जपानांत या कलेसाठीं वापरले जाणारे देवदार व मेपल हे थंड व दमट हवेचे वृक्ष होत. उथळ तबकांतील त्यांची माती धाराशिवच्या मे महिन्यांत सकाळीं भिजविली तर दुपारपर्यंत कोरडी होईल, आणि एक दिवसाच्या विसरानें वर्षांची मेहनत वाया जाईल. येथील हवेला मानवणारें झाड निवडणें हाच यावर उपाय आहे.

मांसल झाडांचें सामर्थ्य केवळ सांठवणींत नाहीं, त्यांच्या श्वासोच्छ्वासाच्या रीतींतहि आहे. आणि या रीतीचें एक आरंभीचें निरीक्षण झालें तें हिंदुस्थानांतच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानें पानफुटीचीं पानें निरनिराळ्या वेळीं चाखून पाहिलीं. सकाळीं तीं आंबट लागत, दुपारीं बेचव होत, आणि संध्याकाळीं किंचित् कडवट. त्याचें हें निरीक्षण 1815 सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा अर्थ पुढें उलगडला. सामान्य झाडें दिवसा पानांवरचीं सूक्ष्म रंध्रें उघडून हवेंतील कर्बवायु घेतात, आणि त्याच दारानें त्यांचें पाणीहि वाफ होऊन निघून जातें. पानफुटीसारखीं झाडें दिवसा दारें बंद ठेवतात. रात्रीं, हवा गार असतांना, तीं उघडून कर्बवायु आंत घेतात व तो आम्लाच्या रूपानें सांठवतात. दुसऱ्या दिवशीं बंद दाराआड त्याच्यापासून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करतात. सकाळचें पान आंबट लागतें तें या सांठलेल्या आम्लामुळें. ज्या घरीं पानफुटीची कुंडी आहे, त्या घरच्या मुलांना हें सारें चाखून दाखवितां येण्यासारखें आहे. मात्र चाखणें म्हणजे जिभेला लावून थुंकणें, खाणें नव्हे.

आतां झाडाची निवड. रोपवाटिकांतून ‘जेड’ या नांवानें दोन निराळीं झाडें विकलीं जातात, व दोन्ही मूळचीं दक्षिण आफ्रिकेंतील आहेत. एक क्रॅसुला, त्याचें पान मोठें, जाड व चकचकीत, अंगठ्याएवढें किंवा त्याहून मोठें असतें. दुसरें पोर्तुलाकारिया, त्याचें पान नखाएवढें, गोल, आणि कोंवळी फांदी तांबूस असते. बोन्सायसाठीं हें दुसरें झाड अधिक सोयीचें होय. पान लहान असल्यामुळें लहान झाडहि प्रमाणबद्ध दिसतें, खोड लवकर लांकडासारखें होतें, आणि धाराशिवचें ऊन त्याला सोसतें. पाणी मुबलक असतां तें सामान्य झाडासारखें दिवसा श्वास घेतें, व टंचाई आली म्हणजे पानफुटीच्या रीतीवर जातें, हा त्याचा विशेष आहे. अडेनियमहि पुष्कळांना आवडतें; परंतु त्याच्या बुडाचा जो फुगीर घाट मनोहर वाटतो, तो बियांपासून वाढविलेल्या रोपांत येतो, फांदीपासून केलेल्या झाडांत सहसा तसा येत नाहीं. देवळाच्या अंगणांतील चाफाहि फांदीनेंच लागतो, पण त्याचें पान हातभर लांब असल्यानें तबकांत तो बेढब दिसतो.

येथें दोन सूचना दिल्याच पाहिजेत. शेर व निवडुंग यांच्या फांद्याहि अशाच रुजतात, परंतु त्यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यास मोठी इजा होते. अडेनियमचा रस विषारी आहे. मुलें असलेल्या घरांत हीं झाडें हाताळूं नयेत हें बरें, आणि हाताळलींच तर हातमोजे घालून, व नंतर हात साबणानें स्वच्छ धुवावेत. पोर्तुलाकारियाला असा चीक नसतो. दुसरी सूचना अशी कीं, डोंगरांतील मांसल वनस्पति उपटून घरीं आणूं नयेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रींत मोजक्याच कड्यांवर उगवणारी शिंदळ माकुडी जगांत इतरत्र कोठेंहि नाहीं, आणि ती दुर्मिळ झालेली आहे. एका हौशी माणसानें नेलेल्या एका झुडपाची भरपाई त्या कड्यावर होत नाहीं. बाजारांतील किंवा शेजारच्या कुंडींतील एक फांदी पुरेशी असतांना रानाला हात लावण्याचें कारण नाहीं.

फाटेकलम करण्यास योग्य असे काळ वर्षांतून दोन आहेत. पहिला शिमगा झाल्यापासून मृगाच्या आधीं महिनाभरापर्यंतचा, आणि दुसरा हस्ताचा पाऊस सरल्यावर थंडी पडण्यापूर्वींचा. भर पावसाळ्यांत हवा ओली असते व जखम सुकत नाहीं; पौषाच्या थंडींत झाड निजलेलें असतें व मुळें फुटण्यास विलंब लागतो. फांदी निरोगी, करंगळी ते अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब घ्यावी. कोंवळा शेंडा घेऊं नये, कारण तो बुंध्याचें रूप धारण करण्यास वर्षें लावील. चाकू धारदार असावा व तो स्पिरिटनें पुसून घ्यावा. पेराच्या लगत खालीं, एकाच घावांत, काप घ्यावा. चिरडलेली जखम कुजते. खालच्या दोन-तीन बोटें भागावरचीं पानें हलक्या हातानें काढून टाकावींत.

यानंतरचें काम सर्वांत सोपें आणि सर्वांत कठीण आहे. तें म्हणजे कांहीं न करणें. गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी कापतांच ओल्या मातींत खोंचण्याची संवय हाताला असते, व तीच मांसल फांदीचा घात करते. तिच्या कापलेल्या तोंडांतून रस पाझरत असतो. ओली माती लागतांच बुरशीला तें उघडें द्वार मिळतें आणि फांदी खालून काळी पडून मऊ होते. म्हणून कापलेली फांदी सावलींत, वारा लागेल अशा जागीं, सुपांत किंवा वर्तमानपत्रावर नुसती पडूं द्यावी. पेन्सिलीएवढ्या फांदीस तीन-चार दिवस, अंगठ्याएवढीस आठवडा, मनगटाएवढीस दोन ते तीन आठवडे लागतात. कापाच्या तोंडावर कोरडी, कठीण खपली धरली कीं समजावें, जखम भरली. पानें थोडीं सुरकुतलीं तरी घाबरूं नये. फांदीच्या अंगांत आठवडे पुरेल इतकें पाणी आहे, आणि बाहेर पाणी नाहीं या जाणिवेनेंच ती मुळें फोडण्याच्या उद्योगास लागते.

मातीचा विचार शेतकऱ्याच्या वाफसा या शब्दानें उत्तम समजतो. पाऊस झाल्यावर रान चिखल राहिलेलें नाहीं व कोरडेंहि झालेलें नाहीं, ओल आणि हवा दोन्ही मातींत आहेत, ती स्थिति म्हणजे वाफसा. मांसल झाडाच्या मुळांना हाच वाफसा हवा असतो. जिल्ह्यांतील काळी माती कापसाला व ज्वारीला उत्तम, पण कुंडींत ती पाणी धरून बसते, वाळली कीं दगडासारखी होते व भेगाळते. ती कुंडींत घालूंच नये. त्याऐवजीं मुरूम चाळून त्याचे ज्वारीच्या ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे घ्यावेत. असा मुरूम दोन भाग, विटांचा चुरा एक भाग आणि पूर्ण कुजलेलें पालापाचोळ्याचें खत एक भाग, एवढें मिश्रण पुरे. बारीक धूळ चाळून फेंकून द्यावी, कारण तीच भोंकें बुजविते. कुंडीच्या बुडाला मोठें भोंक हवें, व त्यावर जाळीचा तुकडा.

खपली धरलेली फांदी या कोरड्या मिश्रणांत दोन-तीन बोटें खोल बसवावी, हलत असेल तर काडीला बांधावी, आणि कुंडी सकाळचें कोंवळें ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागीं ठेवावी. पहिला आठवडा पाणी नाहीं. नंतर कडेनें थोडें पाणी घालावें व तें पूर्ण वाळूं द्यावें. तीन ते सहा आठवड्यांत शेंड्याकडे नवीं बारीक पानें दिसूं लागतात, आणि सुरकुतलेलीं पानें पुन्हां फुगतात. हीच मुळें फुटल्याची खूण. उपटून पाहण्याचा मोह टाळावा. उपटून पाहणाऱ्यानें कोंवळीं मुळें तोडलेलीं असतात. गळलेलें पानहि मातीवर रुजतें, परंतु पोर्तुलाकारियाच्या पानापासून झाड व्हावयास फार काळ लागतो व पुष्कळदां तें होतहि नाहीं. म्हणून भरंवसा फांदीवरच ठेवावा.

झाड जोमानें वाढूं लागलें म्हणजे छाटणीचा अध्याय सुरू होतो. या झाडाचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात व प्रत्येक पानाच्या बगलेंत एक निजलेला डोळा असतो. शेंडा वाढत असेपर्यंत तो या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला कीं खालच्या जोडींतील दोन्ही डोळे जागे होतात व एका फांदीच्या दोन होतात. त्या दोन-तीन जोड्या वाढल्या कीं पुन्हां खुडाव्यात, म्हणजे दोहोंच्या चार, चारांच्या आठ, आठांच्या सोळा. पांच छाटण्यांत एका काडीच्या बत्तीस फांद्या होतात, आणि लहान माथ्यावर जुन्या वृक्षाचा दाट विस्तार दिसूं लागतो. दक्षिण चीनमधील लिंगनान संप्रदायाचे कलावंत तार न वापरतां याच छाटा-आणि-वाढूं-द्या रीतीनें झाडें घडवितात. मांसल झाडांना ही रीत फार मानवते.

कोठें छाटावें यालाहि नियम आहे. नवी फांदी जिकडे जावी असें वाटतें, तिकडे तोंड केलेल्या पानाच्या वर काप घ्यावा. आंतल्या दिशेनें जाणारें पान हातानेंच काढून टाकावें म्हणजे त्या बाजूचा डोळा बहुधा स्वस्थ राहतो. काप जोडीला अगदीं खेटून घेऊं नये. वर अर्धें पेर ठेवावें. तें आपोआप वाळून गळून पडतें आणि डोळ्यास धक्का लागत नाहीं. बुंध्याच्या एकाच ठिकाणीं समोरासमोर निघालेल्या दोन जाड फांद्यांपैकीं एकच राखावी, नाहींतर तेथें गांठ धरते. बुंधा जाड व्हावयास हवा असेल तर खालची एक फांदी मोकळी वाढूं द्यावी. तिच्या पानांनीं केलेल्या अन्नावर खालचा भाग पोसतो, व काम झालें कीं ती काढून टाकावी. सारख्या छाटलेल्या झाडाचा माथा दाट होतो, पण बुंधा बारीकच राहतो. म्हणून पहिलीं दोन वर्षें बुंध्याचीं, नंतरचीं माथ्याचीं, असा क्रम ठेवणें चांगलें.

फांदी वळवावयाचीच असेल तर ॲल्युमिनियमची तार सैल गुंडाळावी. त्यापूर्वीं कांहीं दिवस पाणी तोडावें. भरलेली फांदी काकडीसारखी कट्कन मोडते, तहानलेली वांकते. साल मऊ असल्यामुळें तार लवकर रुतते, म्हणून दर आठवड्यास पाहून व वेळींच ती कापून काढावी. छाटणीनंतर तीन-चार दिवस पाणी देऊं नये. तबकांत हलवितांना मुळें कापलीं असतील तर आठवडाभर देऊं नये. देवदाराच्या बोन्सायला मुळें छाटतांच पाणी घालतात, येथें नेमकें उलट आहे. कारण फांदीच्या जखमेला जो नियम, तोच मुळाच्या जखमेला.

आतां पाण्याचा हिशेब. लिटरभर माती मावेल अशा तबकांतील झाडास एका वेळीं पेलाभर पाणी पुरतें. घालावयाचें तेव्हां तें बुडच्या भोंकांतून निथळेपर्यंत घालावें, आणि मग माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पुन्हां घालूं नये. उन्हाळ्यांत हें आठवड्यांतून दोनदां, हिंवाळ्यांत दहा-बारा दिवसांनीं एकदां करावें लागेल. म्हणजे कडक उन्हाळ्यांतहि आठवड्याचा खर्च दोन पेले. तांदूळ किंवा भाजी धुतलेलें पाणी चालतें. मिठाचें किंवा साबणाचें चालत नाहीं. कूपनलिकेच्या जड पाण्यानें कुंडीवर पांढरा क्षार चढतो, तो पावसाच्या पाण्यानें अधूनमधून धुवून काढावा. सतत झड लागली असतां मात्र कुंडी वळचणीखालीं घ्यावी. या मुलखांत अशीं झाडें उन्हाळ्यानें जितकीं मरतात त्याहून अधिक मायेनें घातलेल्या पाण्यानें मरतात. पान सुरकुतलें तर झाड तहानलेलें आहे व पाण्यानें सुधारेल. पान पिंवळें, मऊ व पाणचट झालें तर पाणी अधिक झालें आहे. पानांच्या बगलेंत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा, व स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें पुसून काढावा.

एका शत्रूचा उल्लेख राहिला, आणि तो या जिल्ह्याच्या नांवानेंच प्रसिद्ध आहे. उस्मानाबादी शेळी पोर्तुलाकारियाचीं आंबट पानें आवडीनें खाईल, यांत शंका नाहीं. कारण दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतांत हें झाड गुराढोरांचा चाराच आहे. तेथील हत्ती तें वरून खातात. मोडून पडलेल्या व जमिनीस टेकलेल्या फांद्या त्यामुळें रुजतात व रान वाढतें. शेळ्या तें खालून खातात. टेकलेल्या फांद्याच नाहींशा होतात, आणि अतिचराईनें तेथें मोठमोठे प्रदेश उजाड झाले. एकविसाव्या शतकांत ते पुन्हां हिरवे करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, तें बियांनीं किंवा रोपांनीं नव्हे, तर याच झाडाच्या तोडलेल्या फांद्या सरळ जमिनींत लावून. घराच्या ओसरीवर, सुपांत वाळत पडलेली वीतभर फांदी आणि तेथील उजाड डोंगरावर रोवलेली फांदी यांचा गुण एकच आहे.

ज्या घरांत चैत्रांत अशी फांदी लावली जाईल, तेथें पहिल्या पावसाळ्यापर्यंत तिला मुळें फुटतील, दुसऱ्या वर्षीं ती वाढेल, तिसऱ्या वर्षीं तबकांत बसेल, आणि पांचव्या-सहाव्या वर्षीं पाहुणे तिच्याकडे पाहून तिचें वय विचारूं लागतील. उन्हाळ्यांत घरचीं माणसें गांवीं गेलीं आणि पंधरा दिवस कुलूप राहिलें, तरी परत येतांना तिची काळजी करण्याचें कारण नाहीं. दाराशीं टँकर येणाऱ्या गांवांतहि आठवड्याला दोन पेले पाणी देतां येतें, तेंहि तांदूळ धुतलेलें. आणि एवढ्या खर्चांत घरीं एक वृक्ष नांदूं शकतो.